सति, स्मृती आणि वर्गातील दहा मिनिटे

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहणारास तेथे एका पदच्युत राजाचे दुर्दैव तेवढे दिसते. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले इंग्रजांच्या हाती पडले आणि पुढील वर्षी ब्रह्मदेशाचा हा अखेरचा राजा रत्नागिरीस आणून ठेवण्यात आला. १९१० साली पुऱ्या झालेल्या वाड्यात तो राहिला व डिसेंबर १९१६ मध्ये येथेच वारला. परंतु त्याच्या मागे ब्रह्मदेशात जी पोकळी उत्पन्न झाली, तिचा एक दूरचा परिणाम पुढे महाराष्ट्रातील शाळांच्या वर्गापर्यंत येऊन पोचला.

बौद्ध संघाचा आश्रयदाता राजा होता. तोच नाहीसा झाल्यावर धर्मरक्षणाचा भार सामान्य उपासकांवर पडला, आणि लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्षूने अभिधर्माबरोबर ध्यानसाधनाही गृहस्थांना खुली केली. एरिक ब्राउन यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात हा संबंध साधार दाखविला आहे. विहारातील विद्या अशा रीतीने एका शेतकरी गृहस्थाकडे, त्याच्याकडून स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल ऊ बा खिन यांच्याकडे आणि १९५५ मध्ये सत्यनारायण गोएंका यांच्याकडे आली. गोएंकांचा जन्म १९२४ चा, आणि तोही मंडालेचा. १९६९ मध्ये त्यांनी मुंबईस पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान, म्हणजे येत्याजात्या श्वासाकडे लक्ष देण्याचा दहा मिनिटांचा सराव, शाळांत नेण्याचे ठरविले.

‘मित्र’ हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळविलेले आहे, आणि खरी अडचण येथेच, शब्दांत आहे. पाली ‘सति’ला ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द योजला. मराठीत ‘स्मृती’ म्हटले की आठवण तरी समजावी, नाही तर मनुस्मृती! ‘सजगता’ या शब्दात जागेपण आहे, पण आठवण नाही. वस्तुतः मराठीत ‘ध्यानात ठेवणे’ या साध्या प्रयोगात लक्ष आणि स्मरण हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘सति’च्या इतक्या जवळ जाणारा प्रयोग घरात असता तो कोणी उचलला नाही, हे नवल होय. (‘काय हे ध्यान!’ या उद्गाराने कदाचित त्याची प्रतिष्ठा घालविली असावी.)

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. जॉन कबट-झिन यांनी १९७९ पासून अमेरिकेत हीच साधना तणावनिवारणाचा उपचार म्हणून मांडली, आणि तेथून ती पाश्चात्त्य शाळांत शिरली. तिचे फळ मात्र निर्विवाद नाही. ब्रिटनमधील ८५ शाळांत आठ हजारांवर विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणाहून ही साधना सरस ठरली नाही. अर्थात श्वास मोजून मुले शांत बसली म्हणजे सति साधली असे मानणे हा मूळ परंपरेवरही अन्याय आहे. तेथे श्वास हा शीलावर उभारलेल्या दीर्घ मार्गाचा आरंभ असतो. पण ते शील वर्गात आणावे, तर संविधानाचे २८ वे कलम आडवे येते. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतील अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. साधनेचे पुरस्कर्ते तिला संप्रदायातीत म्हणतात, तिची परिभाषा मात्र पाली त्रिपिटकातील राहते. संमती मागावयाची की नाही, हे मग ‘आनापान’ या शब्दाचा अर्थ कोण कसा लावतो यावर अवलंबून राहते.