वजन परतले, पुन्हा शस्त्रक्रिया करावी काय?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची पहिली दोन वर्षे बहुतेक रुग्णांसाठी समाधानाची असतात. मधुमेहाची औषधे कमी होतात, जिना चढताना लागणारी धाप थांबते, जुने कपडे सैल होतात. त्यानंतर काहींच्या बाबतीत वजनाचा काटा पुन्हा वर सरकू लागतो. आधी दोन किलो, मग पाच, मग दहा. 'एवढा खर्च करून उपयोग काय झाला?' हा घरच्यांचा प्रश्न जिव्हारी लागतो आणि संकोचापोटी रुग्ण डॉक्टरांकडे जाणेच टाळतो. अशा वेळी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो. मात्र हा निर्णय केवळ वाढलेल्या किलोंवर घ्यावयाचा नसतो. वजन का वाढले, याचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसरी शस्त्रक्रिया करणे म्हणजे निदानाआधीच उपचार करण्यासारखे आहे.

किती वाढ स्वाभाविक?

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः एक ते दोन वर्षांत वजन नीचांकी पातळीवर येते. त्यानंतर थोडी वाढ होणे हे अपयश नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. जठराभोवती बँड बसविलेल्यांमध्ये हेच प्रमाण २० वरून १४ टक्क्यांवर आले. बायपास झालेल्या रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीतही, नीचांकी वजनानंतरच्या पाच वर्षांत घटलेल्या वजनापैकी साधारणतः चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक वजन परतल्याचे दिसले.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतःपुरता मांडून पाहावा. १२० किलोंची व्यक्ती ८० किलोंवर आली आणि पुढे ९० किलो झाली, तर घटलेल्या ४० किलोंपैकी १० किलो, म्हणजे २५ टक्के वजन परतले. हे अनपेक्षित नाही. तीच व्यक्ती ११० किलोंवर पोहोचली, किंवा वजनासोबत मधुमेह, रक्तदाब वा झोपेतील श्वासरोध परतला, तर मात्र सखोल तपासणी हवी.

वजन का परतते?

पहिले कारण शरीरातच दडलेले आहे. वजन उतरले की शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते आणि भूक वाढविणारी यंत्रणा जागी होते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जात असल्याने भूक वाढविणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. तरीही कालांतराने अनेकांना भूक पुन्हा जाणवू लागते. त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधणे अन्यायाचे ठरते.

दुसरे कारण आहाराचे. लहान झालेले जठर पोळी-भाजीच्या मोठ्या जेवणाला अटकाव करते. आमरस, सरबत, आइस्क्रीम, चहासोबतची बिस्किटे आणि येता-जाता खाल्ला जाणारा चिवडा मात्र त्यातून सहज पुढे सरकतो. मद्यातूनही बरेच उष्मांक मिळतात आणि बायपासनंतर ते रक्तात अधिक वेगाने मिसळते.

तिसरे कारण औषधे व अन्य आजारांचे. स्टेरॉइड, इन्शुलिन, काही मानसोपचाराची औषधे, मंदावलेले थायरॉइड, गर्भारपण, रजोनिवृत्ती आणि नैराश्य यांचा वजनाशी संबंध असतो.

चौथे कारण जठराच्या रचनेतील बिघाडाचे. स्लीव्ह ताणून रुंद होते, बँड सरकतो, बायपासमधील जठराची लहान पिशवी किंवा तिचे आतड्याशी जोडलेले तोंड मोठे होते. क्वचित ही पिशवी आणि बाजूला ठेवलेले जठर यांच्यात नवी वाट तयार होऊन अन्न जुन्या मार्गाने जाऊ लागते. शस्त्रक्रियेने थेट दुरुस्त होते ते हे चौथे कारण. पहिल्या तिन्हींचा शोध न घेता केलेली दुरुस्ती अल्पजीवी ठरण्याची शक्यता असते.

आधी तपासणी

सर्वप्रथम पहिल्या शस्त्रक्रियेची संपूर्ण नोंद मिळवावी. नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा किती भाग वगळला, हे नव्या शल्यचिकित्सकाला समजणे अत्यावश्यक असते. केवळ डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. त्यानंतर एन्डोस्कोपी आणि बेरियम पिऊन काढलेला एक्स-रे यांवरून रचना स्पष्ट होते. गरजेनुसार सीटी स्कॅनही केला जातो. रक्तातील साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, लोह, प्रथिने, कॅल्शियम, 'ड' व 'ब-१२' जीवनसत्त्व यांची तपासणी करावी. दोन आठवड्यांची प्रामाणिक आहारनोंद आहारतज्ज्ञांना दाखवावी. ताण आला की खाणे किंवा एका बैठकीत अनावर खाणे होत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला टाळू नये.

कोणासाठी कोणती शस्त्रक्रिया?

बँड सरकला, जठराच्या भित्तिकेत रुतला किंवा सतत उलट्या होऊ लागल्या, तर वजन कितीही असो, तो काढावाच लागतो. त्यानंतर रुग्णाच्या स्थितीनुसार स्लीव्ह किंवा बायपास करता येते. काही वेळा ती काही महिन्यांच्या अंतराने केली जाते.

स्लीव्हनंतर तीव्र आम्लपित्त व अन्ननलिकेचा दाह होत असल्यास तिचे रूपांतर रू-एन-वाय बायपासमध्ये करणे हा मान्य पर्याय आहे. फिनलंडमधील दहा वर्षांच्या तुलनात्मक अभ्यासात अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के, तर बायपास झालेल्या ७ टक्के रुग्णांत आढळला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. आम्लपित्ताचा त्रास नसून केवळ वजन परतले असेल, तर आतड्याचा एकच जोड असलेल्या बायपाससारखे अन्य पर्यायही विचारात घेतले जातात.

बायपासनंतर परतलेल्या वजनाचा प्रश्न सर्वांत अवघड. रुंदावलेले तोंड एन्डोस्कोपीद्वारे टाके घालून लहान करता येते. यात पोटावर छेद द्यावा लागत नाही, मात्र वजनातील घटही माफक असते. आतड्याचा अधिक भाग वगळल्यास वजन उतरते, पण प्रथिनांची गंभीर कमतरता, सततचे जुलाब आणि अशक्तपणा यांचा धोका वाढतो. डाळी व दुग्धजन्य पदार्थांवरच भिस्त असलेल्या शाकाहारी रुग्णांनी याचा विशेष विचार करावा.

रचना व्यवस्थित असूनही लठ्ठपणा तीव्र असेल आणि त्याच्याशी निगडित आजार परतले असतील, तरीही रूपांतराचा विचार होऊ शकतो. मात्र रचना ठीक, मधुमेह आटोक्यात आणि वाढ काही किलोंचीच असेल, तर 'शस्त्रक्रिया नको' हाच बहुधा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

जोखीम अधिक, लाभ कमी

पहिल्या शस्त्रक्रियेमुळे पोटातील अवयव एकमेकांना चिकटलेले असतात आणि ऊतींचा रक्तपुरवठाही बदललेला असतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी जोडातून गळती, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका सर्वसाधारणपणे अधिक असतो. वजनातील घट मात्र बहुधा पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी ही तर आयुष्यभराची बांधिलकी.

औषधांचा पर्याय

काही वर्षांपूर्वी हा पर्याय जवळपास नव्हता. पहिल्या शस्त्रक्रियेचा पुरेसा लाभ न झालेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइडच्या इंजेक्शनाने २४ आठवड्यांत वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी घटले. अधिक प्रभावी मानली जाणारी टिर्झेपाटाइड व वजनासाठीची सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ साली भारतात उपलब्ध झाली. मळमळ, उलट्या व बद्धकोष्ठता हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम. भूक मंदावल्याने प्रथिने कमी पडण्याची भीती असते आणि औषध थांबविल्यास वजन बहुधा परतते. ही औषधे गर्भारपणात घेऊ नयेत. रचनेत दोष नसलेल्या रुग्णांनी शस्त्रक्रियेपूर्वी या पर्यायाची चर्चा डॉक्टरांशी अवश्य करावी.

खर्च व विमा

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी वैद्यकीय सल्ला, किमान १८ वर्षे वय, तसेच बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह किमान ३५ असणे या अटी नमूद आहेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल, असे गृहीत धरू नये. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात स्टेपलर, अतिदक्षता विभाग आणि गुंतागुंत झाल्यास येणारा खर्च धरला आहे काय, हेही तपासावे.

शल्यचिकित्सकांना विचारावेत असे प्रश्न

* माझे वजन परतण्याचे कारण नेमके कोणते आणि ते कोणत्या तपासणीत दिसले?
* सुचविलेली शस्त्रक्रिया हे कारण दूर करील काय?
* अशा दुसऱ्या शस्त्रक्रिया आपण किती केल्या आणि त्यांत गुंतागुंत किती झाली?
* माझ्या बाबतीत पाच वर्षांनी किती घट टिकण्याची अपेक्षा आहे?
* सहा महिने औषध, आहार व व्यायाम करून पाहिल्यास काही नुकसान होईल काय?

शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे. सततच्या उलट्या, गिळताना अडथळा, पोटात तीव्र वेदना किंवा काळी शौचास होणे ही लक्षणे असल्यास थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. ती नसतील, तर निर्णयाची घाई नसते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासही वेळ असतो. वजन पाच किलोंनी वाढताच डॉक्टरांना भेटणाऱ्यांपुढे उपचाराचे अधिक मार्ग खुले असतात. संकोचामुळे थांबून राहणाऱ्यांपुढे ते कमी होत जातात.