दोन पर्वण्यांमधले पंधरा दिवस

२७ ऑगस्ट २००३ या दिवशी आपल्या नाशकात शाही स्नानाच्या वेळी सरदार चौकाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक यात्रेकरू प्राणांस मुकले. चौकशी आयोग नेमला गेला. पुढचे सिंहस्थ आले ते बारा वर्षांनी. या बारा वर्षांच्या अंतराविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. आणि दाखला मात्र आम्ही घेणार आहो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींचा.

श्रोत्यांपैकी काहींना हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल. पण 'क्लाउड' हा शब्द ऐकून आकाशाकडे पाहण्याचे कारण नाही. २००६ साली अमेझॉन कंपनीने आपल्या यंत्रशाळांतील संगणक तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. ज्याला पर्वणीपुरते शंभर संगणक हवेत, त्याने ते वर्षानुवर्षे पोसण्याची गरज उरली नाही. तपोवनातले साधुग्राम आपण याच रीतीने वसवतो. पालिकेच्या मालकीची जमीन थोडी. उरलेली शेतकऱ्यांकडून मुदतीने घ्यावयाची, नळ, दिवे, रस्ते करावयाचे आणि मेळा संपला की उठवावयाचे. तेव्हा भाड्याने घेण्याची अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. शिकण्यासारखे आहे ते या कारागिरांच्या कामाचे वळण.

त्यांचाही पूर्वीचा प्रघात आपल्यासारखाच होता. वर्षभर आराखडा, वर्षभर बांधणी, आणि उद्घाटनाच्या दिवशी पहिली परीक्षा. २००१ साली अमेरिकेतील युटा प्रांतात सतरा जणांनी जमून याविरुद्ध जाहीरनामा काढला. थोडे करून वापरणाऱ्याच्या हाती द्यावे, काय चुकले ते पाहावे आणि पुन्हा करावे, असा त्याचा आशय. क्लाउडमुळे हे स्वस्त झाले. नवा भाग आधी शंभरांतल्या एकालाच दाखवावा, बिघडला तर मागे घ्यावा. बिघाड कोणी केला हे विचारण्याआधी तो कसा होऊ शकला, हे चांगले चमू मिनिटवारीने लिहून काढतात. यात औदार्य काही नाही, रोकडा व्यवहार आहे. शिक्षेची धास्ती असली की पहारेकरी पहिली पंधरा मिनिटे खोटीच सांगतो, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात.

आता २०१५ चे सिंहस्थ पाहा. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीस वाहने शहराबाहेर दूर अडवली, जागोजाग कठडे घातले, लोकांना मैलोगणती चालावे लागले. अपेक्षेच्या मानाने गर्दी फारच थोडी आली. शहरातून टीका झाली, व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावला. प्रशासनाने ती ऐकली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीस निर्बंध सैल केले आणि घाट माणसांनी फुलला. पंधरा दिवसांत चूक दिसली व सुधारली! आमच्या मते त्या सिंहस्थाचे हे मोठेच यश. सुदैव इतकेच, की पर्वण्या एकाहून अधिक होत्या.

त्या सिंहस्थाच्या तयारीत मूळचे नाशिकचे प्रा. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने, एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या साहाय्याने, येथे 'कुंभथॉन' नावाची शिबिरे भरली. (नाव कानाला खटकते; असो.) त्यांतून विद्यार्थ्यांनी पावलांचा दाब ओळखून माणसे मोजणारी चटई केली. फोन प्रत्येकाच्या खिशात असेलच असे नाही, पाय मात्र असतात. पण अशी वस्तू कागदावर सिद्ध होत नाही. तिच्यावरून ओली, चिखलाची पावले गेली पाहिजेत. मोबाइलचे जाळे कोलमडले तरी मोजणी जागच्या जागी साठून राहिली पाहिजे. हे कळावयास गर्दीच लागते.

गर्दीसाठी बारा वर्षे थांबावे कशाला? पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस दिंड्या येतात. चैत्री पौर्णिमेस वणीच्या गडावर भाविक लोटतात. दरसाल! अधिकारी बदलून जातो, आणि टिपण त्याच्या डोक्यातच असेल तर तेही त्याच्याबरोबर जाते. सॉफ्टवेअरच्या धंद्यातही माणसे टिकत नाहीत. म्हणूनच तेथे प्रत्येक बदल वेळ, नाव व कारण यांसह सामायिक वहीत नोंदला जातो. २०२७ च्या पर्वण्यांपूर्वी यात्रांत अशी वही उघडावी, चटया अंथराव्यात, दर तासाचा आकडा लिहावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस, पालिका व डॉक्टर यांना एका टेबलाशी बसवावे. तेथे प्रथम बोलावे ते कठड्यापाशी उभ्या राहिलेल्या शिपायाने.