यंत्राची अचूकता आणि कारागिराचा हात

यंत्रानें यंत्र घडतें, हें आजचे कारखाने पाहिले म्हणजे सहज पटतें. पण मग पहिलें अचूक यंत्र कशानें घडलें?

टेबलावर मावणारें छोटें मिलिंग यंत्र अनेक हौशी लोक घरीं आणतात. फिरत्या दातेरी हत्याराखालीं धातूचा तुकडा सरकवून तो कापावयाचा, हें त्याचें काम. यंत्र स्वस्तांतलें असलें कीं दोष लवकरच दिसूं लागतात. सरकती बैठक डुलते. मळसूत्राची मूठ उलट फिरवितांना थोडी रिकामीच फिरते. हत्याराचा दंड बैठकीशीं काटकोनांत नसतो. मग मालक पट्ट्या आवळतो, नट बदलतो, सरकते पृष्ठभाग खरवडून सपाट करतो. असें करतांना तो दोनशें वर्षांपूर्वींच्या इंग्लंडांतील कारागिरांचाच मार्ग चालत असतो.

त्यांचा अग्रणी हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१). बाराव्या वर्षीं तो वुलिच येथील शस्त्रागारांत कामास लागला. पुढें जोसेफ ब्रामाच्या कारखान्यांत आठवड्याच्या तीस शिलिंगांवर वाढ मिळेना, तेव्हां १७९७ सालीं त्यानें स्वतःचा कारखाना थाटला. त्याच्यापुढील पेंच असा : मळसूत्र अचूक असेल तरच लेथ अचूक चालणार, आणि अचूक मळसूत्र तर लेथवरच कापावयाचें! फिरत्या दांड्यावर तिरकी सुरी धरून त्यानें आटे पाडले, उत्तम तेवढीं मळसूत्रें निवडलीं, आणि त्यांचे दोष काढीत अधिक चांगलीं केलीं.

सपाट पृष्ठभागाचा प्रश्न याहून बिकट होता. बिडाचे दोन पाटे एकमेकांवर घासून जुळविले, तरी एक फुगीर व दुसरा तितकाच खोलगट राहूं शकतो. परंतु पाटे तीन घेतले, आणि प्रत्येक जोडी आळीपाळीनें जुळविली, तर तिन्ही सपाट झाल्यावांचून सुटका नाहीं. कारण दोन फुगीर पाटे एकमेकांशीं जुळूंच शकत नाहींत. पाट्याला शेंदूर लावून तो दुसऱ्यावर टेकवावा, जेथें रंग उठेल तो उंचवटा हातानें खरवडावा, आणि हें शेंकडों वेळां करावें. १८२५ पासून मॉडस्लेच्या हाताखालीं शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनपुढें सपाट पृष्ठभाग तयार करण्याच्या विषयावर निबंध वाचला, आणि घासण्यापेक्षां खरवडणेंच श्रेयस्कर असें प्रतिपादिलें. मापाचा मूळ आधार असा बाहेरून आणावा लागला नाहीं. तीन ओबडधोबड पाट्यांतूनच तो निघाला.

मिलिंग यंत्राचा जनक म्हणून अमेरिकेंतील इली व्हिटनीचें नांव बरींच वर्षें घेतलें जाई. विसाव्या शतकांतील संशोधकांनीं तें श्रेय संशयास्पद ठरविलें. जोसेफ ब्राउननें मात्र १८६१-६२ मध्यें प्रॉव्हिडन्स येथें सर्वोपयोगी मिलिंग यंत्र निर्माण केलें. त्याचें निमित्त काय? पिळाच्या ड्रिलांवरील खांचा कारागीर तोंवर गोल कानशीनें हातानेंच पाडीत असत!

इतिहासांत मॉडस्ले, व्हिटवर्थ, ब्राउन हीं नांवें राहिलीं. पाटे खरवडणारे आणि कानस चालविणारे शेंकडों हात निनांवीच गेले. आमच्या सुशिक्षित वर्गाला यंत्राचें कौतुक पुष्कळ. पण हात काळे करणाऱ्या कामाकडे तो अद्याप खालच्या नजरेनेंच पाहतो. अचूकता आयती विकत मिळते, हा समज त्याच नजरेंतून आला आहे. एखादा मुलगा घरच्या यंत्राची ढिली पट्टी संध्याकाळभर खरवडीत बसला असेल, तर वडील माणसांनीं त्याला अभ्यासाची आठवण करून देण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं तो अभ्यासच करीत आहे.