माग कुणाचा, भाव कुणाचा

माझं लहानपण सोलापुरात हातमागाच्या खटखटीत गेलं. त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी कापडाकडे जाते. पेरूतल्या टिटिकाका सरोवरातल्या टाकिले बेटावर तेच झालं. हे सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवर आहे. पुनो शहरापासून बेट साधारण ४५ किलोमीटर, संथ होडीने तीनेक तास. धक्क्यावरून गावात चढायला पाचशेहून जास्त दगडी पायऱ्या. तिथल्या विरळ हवेत मी पावलोपावली थांबत होतो, आणि निमित्त मात्र विणकाम बघण्याचं सांगत होतो.

निमित्त तसं खोटं नव्हतं. इथले पुरुष चालता-चालता बारीक सुयांवर टोप्या विणतात. लग्न झालेल्याची टोपी पूर्ण रंगीत, बिनलग्नाच्याची वरून पांढरी. बायका जमिनीत चार खुंट्या ठोकून ताणा आडवा बांधतात आणि कमरेचे रुंद पट्टे विणतात. त्यांतल्या एका प्रकारावर वर्षभराच्या शेतीची आणि सणांची चित्रं असतात. सलग कापडासाठी पुरुषांकडे पायाने चालवायचा माग आहे.

पर्यटकांना हे सगळं इंका काळातलं वाटतं. विणकराच्या घरात वाढलेल्याला ते पटत नाही. खुंट्यांचा माग स्पॅनिशांच्या आधीचा. पायाचा माग, सुयांवरचं विणकाम आणि मेंढीची लोकर मात्र सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आली. पुरुषांचा पांढरा सदरा आणि काळी विजार हा मुळात स्पेनमधल्या शेतकऱ्यांचा पोशाख. १७८०-८१ मधलं दुसऱ्या तुपाक आमारूचं स्पॅनिशांविरुद्धचं बंड चिरडल्यावर राज्यकर्त्यांनी मूळ रहिवाशांच्या वेशावर बंदी घातली, तेव्हा असे कपडे अंगावर चढले. पुढे त्यावर इथलीच नक्षी आली आणि परका वेश ओळखीची खूण बनला.

जमिनीची गोष्टही अशीच. स्पॅनिश अमलात बेट जमीनदारांच्या हाती गेलं आणि बेटकरी आपल्याच शेतात वेठीला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकार इथे राजकीय कैदी पाठवत असे. त्यांतला एक, लुईस मिगेल सांचेस सेर्रो, १९३० मध्ये देशाचा सत्ताधीश झाला. त्या दशकापासून बेटकऱ्यांनी पैसे जमवून तुकड्या-तुकड्याने जमीन विकत घेतली.

जमीन हातात आलेली असल्यामुळे पर्यटक आले तेव्हा त्यांना कसं वागवायचं हेही गावानेच ठरवलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी विणलेला माल एकत्र विकायला सुरुवात झाली होती. सत्तरच्या दशकात प्रवासी पुस्तकांत बेटाचं नाव आलं आणि परदेशी लोकांची रीघ लागली. बेटकऱ्यांनी लाकडी होड्या बांधल्या, त्यांना जुनी इंजिनं बसवली आणि वाहतूक स्वतःकडे ठेवली. मुक्कामाला येणाऱ्यांना घरं पाळीपाळीने दिली जात, म्हणजे कमाई एकाच दारात साचत नसे.

नव्वदच्या दशकात राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारच्या मक्तेदारीविरोधी धोरणामुळे होड्यांवरचा त्यांचा हक्क गेला. आता बरेचसे पर्यटक पुनोच्या कंपन्यांच्या बोटींतून येतात, जेवतात, फोटो काढतात आणि दुपारी परततात. बेटावर राहतो तो पैसा कमी झाला.

चौकातलं सामायिक दुकान मात्र चालू आहे. प्रत्येक वस्तूला विणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, किंमत ठरलेली, घासाघीस नाही. युनेस्कोने २००५ साली टाकिलेच्या वस्त्रकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. माझ्या मते त्या वारशात दुकानातली ही चिठ्ठीही धरायला हवी. आमच्या गल्लीत हात कसबी होते, माग चांगले होते. चादरीचा भाव मात्र सूत देणारा व्यापारी ठरवायचा. मी बघत आलो आहे की नक्षी शिकता येते, उसनीही घेता येते. टाकिलेने टिकवलेली अवघड गोष्ट म्हणजे भाव विणणाऱ्यांनीच मिळून ठरवणं.