माजघराची भिंत

गेल्या दिवाळीनंतर आम्ही माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढली. गवंड्याला दिली नाही. हे, मी आणि धाकटा, तिघांनीच. तुळयांचा भार खांबांवर आहे, भिंतीवर नाही, एवढं मात्र जाणत्या मिस्त्रीकडून आधी बघून घेतलं. रोज सकाळी मऊ झाडूनं मुंग्या-कोळी बाजूला करायचे, मगच पहार लावायची. सूर्यास्ताआधी काम बंद. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. चालू दे.

आमचं बेळगावचं हे घर १८६५ चं, असं घरात छातीठोकपणे सांगत. पुरावा कौलाचा. माळा मोकळा करताना काही कौलं उतरवली, तेव्हा तो आकडा मीही वाचला. पण ते साल घराचं नव्हे, कारखान्याचं! स्वित्झर्लंडच्या बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला जेप्पू इथं कौलांचा कारखाना काढला आणि तेच साल पुढंही कौलांवर उमटत राहिलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली, नंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे कौल त्याआधीचं, इतकंच म्हणता येतं. तेही कौलाचं; ती दुसऱ्याच्या घरावरची उतरवून आणलेली नसतील कशावरून? यांचा चेहरा जरा उतरला.

भिंतीत मात्र थरावर थर निघाले. डिस्टेंपर, त्याखाली निळीचा चुना, मग काजळी, मग भुसा घातलेला मातीचा गिलावा. आत भेंडे. मधोमध हातभर जागेत मात्र पक्क्या विटा. त्या काढल्या तर आत देवळी, तेलानं काळी झालेली.

सासूबाईंना बोलावलं. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हितं बाळंतिणीचा दिवा असायचा की गं."

माजघर म्हणजेच बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून खिडकी नाही. शेगडीचा धूर आतल्या आत. त्यांची पहिली मुलगी तिथंच गेली, अकराव्या दिवशी. मामंजींनी मग देवळी बुजवून घेतली आणि तो विषय पुन्हा घरात निघाला नाही. आपल्याआधी एक बहीण होती, हे यांना साठीत कळलं. कौलावरचं साल तेवढं पाठ होतं सगळ्यांना.

"नाव काय होतं तिचं?" यांनी विचारलं.

"बारशाआधीच गेली की रे."

दुसऱ्या दिवशी उरलेली भिंत काढली. शेवटचं घमेलं बाहेर जाईपर्यंत सासूबाई सोप्यात खुर्ची टाकून बसून होत्या.