अ‍ॅरॅबिडॉप्सिस वनस्पतीतील गुणसूत्रबिंदूच्या मानचित्रणाचा इतिहास (१९८६–२०२१)

प्रस्तावना :
पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्राच्या दोन प्रतींची कन्यापेशींत समान वाटणी ज्या भागामुळे होते, त्यास गुणसूत्रबिंदू अथवा सेंट्रोमिअर म्हणतात. ही वाटणी चुकल्यास आनुवंशिक वारसाच बिघडतो. तथापि वनस्पतींच्या जनुकीय नकाशावर नेमका हाच भाग दीर्घकाळ कोरा राहिला.

अडचणीचे स्वरूप :
जनुकीय नकाशातील अंतरे पारगतीच्या प्रमाणावरून ठरतात. गुणसूत्रबिंदूलगत मात्र पारगती क्वचितच घडते. शिवाय तेथील डीएनए पुनरावृत्त असतो. मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिस थॅलियाना या पाच गुणसूत्रजोड्यांच्या वनस्पतीत सुमारे १८० बेसजोड्यांचा असा क्रम १९८६ मध्ये वर्णिला गेला. १९९१ मध्ये तो पाचही गुणसूत्रबिंदूंच्या ठिकाणी असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. परंतु क्रम आढळला म्हणजे कार्याची सीमा कळली, असे नव्हे.

परागचतुष्काची पद्धती :
१९९४ मध्ये डॅफ्नी प्रॉइस व सहकाऱ्यांनी ‘क्वार्टेट’ उत्परिवर्तन प्रसिद्ध केले. त्यात अर्धसूत्री विभाजनातून निर्माण झालेले चार परागकण परस्परांस चिकटून राहतात. त्यामुळे एकाच विभाजनाची चारही फळे एकत्र तपासता येऊ लागली. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील दोन खुणा आपापल्या गुणसूत्रबिंदूलगत असल्यास एका चतुष्कात दोनच प्रकारचे संयोग मिळतात. अंतर वाढल्यास पारगतीमुळे चार प्रकार दिसतात. या तत्त्वाच्या आधारे ग्रेगरी कोपनहेव्हर, प्रॉइस व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाचही गुणसूत्रबिंदूंच्या जनुकीय सीमा निश्चित केल्या. ओसाड मानल्या गेलेल्या या प्रदेशात कार्यरत जनुकेही आढळली.

कोरी जागा :
डिसेंबर २००० मध्ये या वनस्पतीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. अंदाजित १२५ दशलक्ष बेसजोड्यांपैकी ११५.४ दशलक्षांचे वाचन झाले होते. गुणसूत्रबिंदूंचे गाभे मात्र वगळले गेले. लहान तुकडे जुळवण्याच्या पद्धतीत एकसारखे क्रम कोठे बसवावेत, हे ठरवता येत नव्हते. दीर्घ तुकड्यांच्या वाचनामुळे २०२१ मध्ये पाचही गाभ्यांचे क्रम उपलब्ध झाले.

निष्कर्ष :
या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गुणसूत्रबिंदूची सीमा क्रमवाचनाने नव्हे, तर परागकणांच्या संयमपूर्ण निरीक्षणाने प्रथम ठरली. दुसरी, ‘संपूर्ण जनुकसंच’ ही संज्ञा तत्कालीन साधनांच्या मर्यादेसापेक्ष असते. नकाशातील कोरी जागा निसर्गातील पोकळी नसून पद्धतीची मर्यादा असू शकते, हे भान संशोधक व अध्यापक या दोघांनाही आवश्यक आहे.