एका विद्यापीठाची दोन दारे

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात आठ-पंधरा दिवस गर्दी असते. मी इतिहासाचा प्राध्यापक. प्रवेशाशी माझा संबंध अर्ज तपासण्यापुरता. तरीही खेड्यातून आलेला एखादा बाप मुलाला पुढे करून विचारतोच, "सर, कॉम्प्युटरला लागंल का ह्याचा नंबर?" त्या विषयात काय शिकायचे असते हे त्याला ठाऊक नसते. त्याला नोकरी आहे, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. आणि नंबर लागला नाही, की तो मुलाकडे अशा नजरेने पाहतो, जणू काही खोट मुलातच आहे.

ही खोट खरोखर मुलात असते, की आणखी कुठे, हा प्रश्न आपण इतिहासाच्या अंगाने पाहू. त्यासाठी तुम्हाला थोडे दूर, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात न्यावे लागेल. तेथे बर्कले गावच्या विद्यापीठात संगणकशास्त्राला कोणाला घ्यावे, यासंबंधीचे नियम गेली कित्येक वर्षे बनत आणि बदलत आले आहेत. दुसऱ्याच्या घरचा हिशेब पाहिला की आपल्या घरचा समजायला सोपा जातो.

कॅलिफोर्निया विद्यापीठ १८६८ साली स्थापन झाले. १९६० साली त्या राज्याने उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा मंजूर केला. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांचा त्यात मोठा वाटा होता. आराखड्याचे सूत्र साधे होते. शाळा पुरी करणाऱ्या मुलांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना विद्यापीठात जागा, वरच्या एकतृतीयांशाला राज्य महाविद्यालयांत जागा, आणि बाकीच्या सर्वांना दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयात. तेथे चांगला अभ्यास केला, तर तिसऱ्या वर्षी विद्यापीठात येण्याची वाटही मोकळी ठेवलेली. ज्याला शिकायचे आहे त्याला कुठे ना कुठे जागा मिळेल, असे ते एका राज्याने आपल्या मुलांना दिलेले वचनच होते.

परंतु हे वचन विद्यापीठाच्या दाराविषयी होते. आतल्या एकेका खोलीच्या दाराविषयी नव्हते. सगळी मुले एकाच खोलीपुढे उभी राहिली तर काय करायचे, याचा विचार तेव्हा कोणी करण्याचे कारणही नव्हते. संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग अमेरिकेत पहिल्यांदा निघाला तोच मुळी १९६२ साली, पर्ड्यू विद्यापीठात.

बर्कलेत हा विषय आला, तो घरात वाद घेऊनच. विद्युत अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख लोत्फी झादे हे दूरदृष्टीचे गृहस्थ. पुढचा काळ संगणकाचा आहे हे ओळखून त्यांनी आपल्या विभागाच्या नावातच संगणकशास्त्र घालावे असा आग्रह धरला. दुसऱ्या बाजूला काही मंडळींचे म्हणणे असे, की हे शास्त्र गणिताच्या कुळातले आहे, त्याला इंजिनियरांच्या दावणीला बांधू नये. अखेर १९६८च्या सुमारास एकाच विद्यापीठात दोन चुली झाल्या. अभियांत्रिकी विद्याशाखेत एक विभाग आणि साहित्य व विज्ञान विद्याशाखेत दुसरा. १९७३ साली दोन्ही विभाग एक झाले. भाऊबंदकी मिटली, पण वाड्याची दोन दारे तशीच राहिली.

या दोन दारांचा फरक नीट समजून घ्या, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर आहे.

पहिले दार अभियांत्रिकीचे. त्यात शिरायचे तर शाळेत असतानाच अर्जात विषय लिहायचा आणि तेथेच निवड व्हायची. आपल्याकडची पद्धत अशीच आहे. दुसरे दार साहित्य-विज्ञान शाखेचे. तेथे मुलगा आधी विद्यापीठात येई, विषय ठरवीत नसे. पहिली दोन वर्षे इतिहास वाच, गणित कर, संगणकाचा एखादा अभ्यासक्रम घेऊन पाहा. मग मन कुठे रमते ते पाहून मुख्य विषय जाहीर कर. ज्याच्या गावच्या शाळेत संगणक हा विषयच नव्हता, त्याला हे दुसरे दार म्हणजे मोठाच आधार. सतरा वर्षांच्या पोराला आपल्याला काय आवडते हे कळलेच पाहिजे, असा त्यात हट्ट नव्हता. वर्ग तेच, शिक्षकही तेच. फक्त पदवीवरचे नाव वेगळे.

आता गर्दीचे पाहू. या विषयाची ओढ अमेरिकेत पुराच्या लाटेसारखी तीनदा आली. पहिली लाट १९८०च्या आसपास, घरगुती संगणक बाजारात आले तेव्हा. दुसरी १९९०नंतरच्या दशकाच्या अखेरीस, इंटरनेटच्या कंपन्यांबरोबर. त्या कंपन्या २०००नंतर कोसळल्या आणि वर्ग ओस पडू लागले. तिसरी लाट २०१०च्या आगेमागे सुरू झाली, आणि ती सर्वांत मोठी ठरली. प्रत्येक लाटेत अडचण एकच. विद्यार्थी वाढतात वर्षा-दोन वर्षांत. शिक्षक तयार व्हायला लागतात दहा वर्षे. त्यातही जो शिकवू शकतो त्याला कंपनी दुप्पट पगार देऊन घेऊन जाते.

बर्कलेत पहिल्या सत्राचा प्रारंभिक अभ्यासक्रम एका वेळी दीड हजारांहून अधिक विद्यार्थी घेऊ लागले. तेथील सर्वांत मोठे व्याख्यानगृह सुमारे सातशे जणांचे. अर्थात पुष्कळांनी व्याख्यान पडद्यावर पाहायचे आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गाच्या तुकड्या घ्यायच्या, असे चालले. तेही फुकट होत नाही. या विद्यार्थी-शिक्षकांना वेतन द्यावे लागते.

तेव्हा दुसऱ्या दाराशी एक कडी लावण्यात आली. प्रारंभीच्या तीन अभ्यासक्रमांत, म्हणजे दोन प्रोग्रॅमिंगचे आणि एक गणिताचा, मिळून सरासरी ३.३ श्रेणी मिळाली तरच संगणकशास्त्र हा मुख्य विषय घेता येईल. तेथे अव्वल श्रेणीला ४ गुण आणि दुसऱ्या श्रेणीला ३. म्हणजे तिन्ही विषयांत दुसरी श्रेणी मिळवणारा, आपल्या भाषेत चांगला पास झालेला मुलगा, बाहेर राहणार.

वरवर पाहता नियम न्यायाचा वाटतो. ज्याने मिळवले त्याला मिळाले! पण शिक्षकहो, तुम्ही वर्गात उभे राहता, तुम्हाला यातली मेख लगेच दिसेल. एक मुलगा शहरातल्या शाळेत चार वर्षे प्रोग्रॅमिंग करून आला आहे. दुसऱ्याने विद्यापीठात आल्यावर पहिल्यांदा ते पाहिले. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत हे दोघे शेजारी बसतात. ती परीक्षा बुद्धी मोजते, तशीच मागची चार वर्षेही मोजते. सामुदायिक महाविद्यालयातून तिसऱ्या वर्षात आलेल्यांची अवस्था आणखी बिकट. त्यांच्या हाती मुळात दोनच वर्षे, आणि त्यात ही कडी आधी उघडायची. जे दार नवख्यासाठी ठेवले होते, तेच नवख्याला जड झाले. शिवाय नापास न होताही बाहेर पडण्याची भीती डोक्यावर घेऊन ही मुले शिकत. शिकण्याची गोडी अशा भीतीत किती टिकते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

असे पूर्वीही झाले होते. १९८४ साली अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. पुढे ते घसरत घसरत २०१०च्या सुमारास १८ टक्क्यांवर आले. याला कारण एक नव्हते. घरचा संगणक मुलाच्या खोलीत ठेवायचा ही त्या समाजाची रीत, जाहिरातीही तशाच. पण पहिल्या लाटेच्या वेळी अनेक विद्यापीठांनी प्रवेशाच्या अटी कडक केल्या, आणि ज्यांना घरी सराव मिळाला नव्हता त्या मुली आधी गळाल्या, असे या विषयाच्या जाणकारांनी नोंदवले आहे. नियमात मुलींविरुद्ध एक अक्षर नव्हते.

मग नियम उलटा फिरवला तर? तसाही दाखला आहे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या अवघ्या ७ टक्के. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर या दोघांनी शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन याचा छडा लावला. त्या वेळी तेथील संगणकशास्त्र विद्यालयाचे प्रमुख होते राज रेड्डी, आंध्रातील काटूर या खेड्यात जन्मलेले आणि १९९४ साली या शास्त्रातला सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळवलेले. प्रवेशाचे निकष बदलण्यात आले. गणित-विज्ञानाची तयारी पाहणे सोडले नाही. पण आधी प्रोग्रॅमिंग केले आहे का, याला दिलेले वजन काढून घेतले. ज्यांना सराव नव्हता त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाचा वेगळा वर्ग केला. २००० साली तेथे प्रवेश घेणाऱ्यांत मुली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींची बुद्धी वाढली, असे कोणी म्हणणार नाही.

बर्कलेला मात्र मुलींसाठी जागा राखण्याची मोकळीक नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ साली कौल देऊन सरकारी विद्यापीठांत वंश किंवा लिंग पाहून प्रवेश देण्यास मनाई केली. २०२० साली विद्यापीठाने प्रवेशाची जुनी सामायिक चाचणीही सोडली. आता शाळेतले गुण, घेतलेले विषय आणि मुलाने स्वतःविषयी लिहिलेले निबंध वाचून निवड होते.

शेवटी २०२३च्या शरदात येणाऱ्या विद्यार्थ्यांपासून ३.३ची कडी काढण्यात आली. आता साहित्य-विज्ञानाच्या वाटेनेही संगणकशास्त्र हवे असेल तर अर्जातच लिहायचे. निवड झाली की मधली टांगती तलवार नाही. साधारण प्रगती ठेवली की पुरे. ज्याने दुसऱ्या विषयासाठी प्रवेश घेतला, त्याला पुढे अर्ज करता येतो, पण जागा फार थोड्या. त्याच वर्षी संगणन, विदाशास्त्र व समाज या नावाची नवी विद्याशाखा त्या विद्यापीठात उघडली. पन्नासहून अधिक वर्षांत बर्कलेत नवी विद्याशाखा निघाली ती हीच, आणि संगणकशास्त्र आता तिच्यात आहे.

जे आत आले त्यांची भीती गेली, हे चांगलेच झाले. पण किंमतही पडलीच. विद्यापीठात आल्यावर ज्याला या विषयाचा शोध लागतो, त्याचे दार जवळजवळ लागले. कॅलिफोर्नियातही पुष्कळ शाळांत संगणकाचा विषय नाही. तेथल्या मुलाने सतराव्या वर्षी अर्जात तो लिहावा कसा? पहिला नियम नवख्याला वर्षभर पळवून दमवीत होता; दुसरा त्याला शर्यतीआधीच विचारतो, "तुला पळायचे होते, हे आधी का नाही सांगितलेस?"

माझे सांगणे एवढेच आहे. तुमच्यापैकी ज्यांची शेते पाटाच्या पाण्यावर आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले कळेल. धरणात पाणी कमी असले की पाळीचे नियम कडक होतात. कधी वरच्याला आधी, कधी टोकाच्याला आधी. नियम न्यायाचा असावा, त्यासाठी भांडावेही. पण पाळी बदलल्याने पाणी वाढत नाही. कोणाचे शेत वाळायचे, एवढेच बदलते. प्रवेशाचे नियमही असेच. जागा आणि शिक्षक वाढल्याशिवाय कोणी ना कोणी बाहेर राहणारच. तो बाहेर राहिला म्हणून नापीक ठरत नाही.

आपल्याकडे दार एकच, आणि तेही अरुंद. पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभी राहिली. आज तेथील संगणक शाखेच्या खुल्या गटातील जागा देशातल्या पहिल्या सुमारे सत्तर क्रमांकांतच संपतात, आणि ती चढण जिथून सुरू होते त्या पहिल्या परीक्षेला दहा लाखांहून अधिक मुले बसतात. एकाहत्तराव्याची बुद्धी सत्तराव्याहून कमी, असे त्या परीक्षेलाही म्हणता येणार नाही. तिने फक्त रेघ ओढली. तथापि आपल्याकडेही नियम हलवता येतो. २०१८पासून आयआयटींनी मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या आणि दोन वर्षांत मुलींचा वाटा २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले. कोणाची जागा काढून घेतली नाही, जागा वाढवल्या. यात आपल्याला घेण्यासारखे आहे.

शिक्षक बंधु-भगिनींनो, धरणात पाणी वाढवणे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण गावच्या शाळेत जो एक संगणक कपाटात कुलूप लावून ठेवला आहे, तो बाहेर काढणे आपल्या हातात आहे. त्याच्यापुढे मुलाइतकाच वेळ मुलीला बसवणे हेही आपल्या हातात आहे. बर्कलेच्या दोन्ही नियमांत मागे पडला तो एकच जण: ज्याच्या हाती ते यंत्र उशिरा आले.

आणि यंदा निकालानंतर एखादा बाप विचारायला आला, तर मी त्याला मुलाचा नंबर सांगेन, आणि एकूण जागा किती होत्या तेही सांगेन. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे मुलाकडे पाहण्याची त्याची नजर थोडी बदलेल, अशी माझी आशा आहे.